गळाचा परवाना आणि कावेरीची नोंदवही

परवाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फॉर्म, दोन फोटो, शुल्क, शिक्का आणि ‘उद्या या’. गाडी चालवायची असो, दुकान टाकायचं असो, नाहीतर दिवाळीत फटाके विकायचे असोत. पण मासे धरायलाही परवाना लागतो, आणि तोही पोटासाठी नव्हे तर हौसेसाठी, असं सांगितलं की पुष्कळांना हसू येतं. काठावर बसून गळ टाकायला सरकारला कशाला विचारायचं?

प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे गेल्या दीडशे वर्षांत त्याचं उत्तर बदलत गेलंय. आधी उत्तर होतं, ‘नदीत मासे कोणी धरायचे हे ठरवायला.’ मग झालं, ‘नदी राखायला पैसा लागतो म्हणून.’ आणि तिसरं उत्तर, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतलाय, ते म्हणजे ‘पाण्याखाली काय चाललंय हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळतच नाही म्हणून.’ हे तिसरं उत्तर कावेरी नदीवर फार महागात शिकायला मिळालं, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या लोणावळ्याला येऊन पोचतो.

पहिलं उत्तर : कोणी धरायचे

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण आपल्याकडचे कायदे तिथल्याच साच्यातून आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या नद्यांमधला सॅल्मन मासा झपाट्याने कमी झाला होता. गिरण्यांचे बांध, कारखान्यांचं सांडपाणी, मुखाशी लावलेली जाळी. सॅल्मन समुद्रातून नदीत वर चढून अंडी घालतो, त्यामुळे वाटेत कुठेही अडवला की पुढची पिढीच संपते. १८६१ मध्ये सॅल्मन मासेमारीचा कायदा आला आणि १८६५ च्या कायद्याने सॅल्मनसाठी गळ किंवा जाळं वापरणाऱ्याला शुल्क भरून परवाना घेणं भाग पडलं.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. परवाना मिळाला म्हणजे नदी तुमची झाली असं नाही. तिथे काठ ज्याच्या मालकीचा, त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ती पद्धत आजही आहे. म्हणजे परवाना हा फक्त ‘मी नियम पाळीन’ असा सरकारशी केलेला करार. पाणी कोणाचं, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता हिंदुस्थानात या. १८७३ हे वर्ष आपल्या विषयात महत्त्वाचं आहे. त्या वर्षी मद्रास इलाख्यातले अधिकारी हेन्री सलिवन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक मंगळूरला छापून निघालं. विलायतेतून आलेल्या हौशी गळकऱ्यांना त्याने सांगितलं, की सॅल्मनची आठवण काढून उसासे टाकू नका, इथला महसीर त्याला पुरून उरेल. त्याच वर्षी डॉ. फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा सरकारी अहवालही आला. बारीक आसाची जाळी, ओढ्यांवरचे बांध आणि सापळे, पाण्यात कालवलेलं विष यांनी माशांची पिल्लं सरसकट मारली जातात, हा त्यातला मोठा मुद्दा होता.

या सगळ्याचं फलित म्हणजे १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा. कायदा अगदी छोटा आहे, काही मिनिटांत वाचून होतो. सुरुंगाने किंवा विषाने मासे मारायला बंदी. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. शिवाय प्रांतिक सरकारांना अधिकार दिला, की ठरावीक पाण्यात कायमचे रोवलेले सापळे, बांध, जाळ्यांचा आकार आणि जाळी वापरायच्या पद्धती यांवर नियम करा, आणि वाटल्यास एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारीच बंद ठेवा.

आता ही यादी पुन्हा वाचा. सुरुंग आहे, विष आहे, बांध आहे, सापळा आहे, जाळं आहे. काय नाही? गळ नाही.

सुरुंग आणि विष यांच्यावरची बंदी हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. ओढ्यात जिलेटिनचा तोटा टाकला की चार खाण्यासारख्या माशांबरोबर सगळी पिल्लावळ पांढरं पोट वर करून तरंगते, हे आजही डोळ्यांनी बघायला मिळतं. पण बाकीची यादी ही भोयाच्या, कोळ्याच्या, नदीकाठच्या आदिवासीच्या हातातल्या साधनांची आहे. साहेबाच्या हातातलं साधन त्या यादीत आलंच नाही. एकाचं मासे धरणं ‘नासधूस’ आणि दुसऱ्याचं ‘खेळ’, ही विभागणी पुढे हौशी मासेमारीच्या परवान्याच्या पायातच राहिली. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमाराला स्कॉटलंडहून ट्राउटची अंडी आणून तिथल्या थंड ओढ्यांत हा मासा रुजवला गेला. म्हणजे खेळासाठी मासाच परदेशातून आला, आणि ज्या ओढ्यात तो सोडला त्याला राखण आली.

हे सांगायचं कारण, पुढे मी परवान्याची बाजू घेणार आहे. ती घेताना हा हिशोब विसरून चालणार नाही.

दुसरं उत्तर : पैसा कुठून आणायचा

दुसरं उत्तर सगळ्यात स्वच्छ दिसतं ते अमेरिकेत. तिथे प्रत्येक राज्य आपापला मासेमारीचा परवाना देतं. १९५० मध्ये तिथे एक केंद्रीय कायदा झाला, जो मांडणाऱ्या दोन लोकप्रतिनिधींच्या नावावरून डिंगेल-जॉन्सन कायदा म्हणून ओळखला जातो. गळ, रीळ, काठी यांच्या उत्पादकांकडून कर घ्यायचा आणि तो राज्यांना मासे आणि पाणी राखण्यासाठी वाटायचा. वाटणीचं सूत्र बघण्यासारखं आहे. ४० टक्के भार राज्याच्या क्षेत्रफळाला, ६० टक्के परवानाधारकांच्या संख्येला. आणि अट अशी, की परवान्यातून जमलेला पैसा राज्याने दुसरीकडे वळवला, तर केंद्राचा वाटा बंद.

म्हणजे प्रत्येक परवाना हा एक रोख मताचा कागद झाला. जितके लोक परवाना घेतील तितका त्या राज्यातल्या नद्यांचा वाटा मोठा.

आपल्याकडे असं सूत्र नाही. राज्यघटनेत मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर इथे ट्राउट आणि महसीरसाठी हौशी परवाना सरकारी खात्याकडून मिळतो. महाराष्ट्रात धरणांचं पाणी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेलं असतं, त्यामुळे हौशी माणसाने आधी ठेका कोणाकडे आहे हे विचारायचं असतं. इथे पुन्हा तोच जुना बारकावा. कागद एकाचा, पाणी दुसऱ्याचं.

तिसरं उत्तर : कावेरीची वही

आता मुख्य गोष्टीकडे. कर्नाटकात कावेरी म्हैसूरच्या पठारावरून खाली उतरते तिथे खडकाळ, खोल डोहांचा मोठा टप्पा आहे. तिथला महसीर पाठीवर उंच वशिंड असलेला आणि अवाढव्य. कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने १२० पौंडांचा महसीर गळाने काढला. म्हणजे सुमारे ५४ किलो, एका सडपातळ माणसाइतकं वजन.

स्वातंत्र्यानंतर हे मासे संपले असंच बऱ्याच जणांना वाटत होतं. पण १९७० च्या दशकात पुन्हा गळकरी येऊ लागले. बेंगळुरूमध्ये १९७२ साली दक्षिण भारतातल्या वन्यजीवप्रेमींची एक संघटना उभी राहिली. तिने नदीचा काही भाग भाड्याने घेऊन तिथे गळासाठी परवाने द्यायला सुरुवात केली. पुढे कर्नाटक सरकारच्याच पर्यटन कंपनीने भीमेश्वरी, गालिबोरे आणि दोड्डमकळी इथे कॅम्प चालवले. नियम साधा होता. मासा धरा, वजन करा, फोटो काढा आणि जिवंत सोडून द्या. सोबतीला गावातला वाटाड्या. त्यांच्यातले काही जण आधी चोरून मासे मारणारे होते. पगार मिळू लागल्यावर तेच लोक नदीवर राखणदार म्हणून फिरू लागले.

आणि एक वही होती. कोण आलं, किती तास गळ टाकला, किती महसीर लागले, प्रत्येकाचं वजन किती. ही वही कोणी संशोधनासाठी ठेवली नव्हती. पाहुण्यांची हौस, कॅम्पचा हिशोब, एवढाच तिचा उद्देश.

माझ्या पीएचडीच्या कामात अशा ‘दुसऱ्याच कारणासाठी ठेवलेल्या’ नोंदी वाचणं हा मोठा भाग आहे, म्हणून या वहीचं मोल नीट उलगडून सांगते.

नदीत किती मासे आहेत हे मोजायचं कसं? वाघाचे कॅमेऱ्यात फोटो निघतात, पक्षी दिसतात. मासा दिसत नाही. मग शास्त्रज्ञ एक तिरका मार्ग घेतात. ठरावीक मेहनतीला किती मासे लागले ते बघतात. समजा, गेल्या वर्षी दहा तासांत पाच मासे लागले आणि यंदा दहा तासांत दोन, तर काहीतरी बिनसलंय. पण यात एक मेख आहे. नुसता ‘दोन मासे लागले’ हा आकडा बिनकामाचा असतो. तास माहीत नसतील तर दोन म्हणजे जास्त की कमी? आणि सगळ्यात महत्त्वाचा असतो तो शून्याचा दिवस. माणूस मासा लागला की सगळ्यांना सांगतो, रिकाम्या हाताने परतला की गप्प बसतो. शून्य लिहिलं नाही तर सरासरी फुगते आणि नदी आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते. इंग्लंडमध्ये सॅल्मनच्या परवानाधारकाला वर्षाच्या शेवटी पकडीचा तपशील कळवणं बंधनकारक आहे, एकही मासा लागला नसला तरीही. ही अट मला त्या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी अट वाटते.

गालिबोरेच्या वहीत हे सगळं होतं. अ‍ॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या आणि २०१५ मध्ये छापल्या. एकूण २३,६२० तासांची मेहनत, ६,१६१ महसीर. म्हणजे सरासरीने एका माशासाठी पावणेचार तासांहून थोडा जास्तच वेळ. सगळ्यात लहान मासा १ पौंडाचा, सगळ्यात मोठा १०४ पौंडांचा.

एकच वही, दोनदा वाचलेली

पहिल्या वाचनात बातमी चांगली निघाली. वर्षामागून वर्ष तासाला लागणारे मासे वाढत होते आणि माशाचं सरासरी वजन कमी होत होतं. वजन कमी होणं वाईट वाटतं ना? पण इथे ते शुभलक्षण होतं. लहान मासे भरपूर लागतायत याचा अर्थ नवी पिढी येतेय. संरक्षणाचा उपयोग होतोय, नदी सावरतेय असं म्हणायला हरकत नव्हती.

पण वहीत आणखी एक गोष्ट कळण्यासारखी होती. लागलेला मासा वशिंडाचा होता, की निळसर पंखांचा. ‘महसीर’ हे एका माशाचं नाव नाही, ते एका घराण्याचं नाव आहे. मग संशोधकांनी त्याच नोंदी दोन ढिगांत वेगळ्या केल्या आणि चित्र उलटं झालं.

वाढत होता तो निळ्या पंखांचा महसीर. वशिंडाचा, म्हणजे कावेरीचा स्वतःचा, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला महसीर, कमी कमी होत चालला होता. आणि जे थोडे लागत होते ते मोठे मोठे. एखाद्या गावात गेलात आणि दर वर्षी तिथल्या लोकांचं सरासरी वय वाढत चाललेलं दिसलं, तर तुम्ही काय म्हणाल? लोक दीर्घायुषी झाले म्हणाल, की शाळा ओस पडली म्हणाल? कावेरीत शाळा ओस पडली होती. म्हातारे मासे उरले होते, पिल्लं येत नव्हती.

मग निळ्या पंखांचा हा मासा आला कुठून? इथे लोणावळा येतं.

निळ्या पंखांच्या महसीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. १८३९ मध्ये कर्नल सायक्स यांनी दख्खनच्या माशांवर लिहिताना त्याचं वर्णन केलं, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळालेल्या माशावरून. म्हणजे हा अगदी आपल्या घरचा मासा. विजेसाठी बांधलेल्या धरणांमुळे आणि मासेमारीमुळे तोही कमी होत होता, म्हणून १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण धरणाच्या कुशीत त्याचं बीज तयार करायला सुरुवात केली. मादीच्या पोटातून अंडी काढायची, नराच्या रेतनाने फळवायची, ट्रेमध्ये उबवायची. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महसीरची अंडी ओल्या कापसात गुंडाळून दूरवर नेता येतात हेही दाखवून दिलं. त्या काळी हे काम खरोखर थोर होतं, आणि आजही त्याबद्दल आदरच वाटतो. तिथल्या बोटुकल्या वेगवेगळ्या राज्यांना दिल्या गेल्या. त्या कावेरीतही सोडल्या गेल्या.

हेतू एकच होता. महसीर वाचवायचा. पण ‘महसीर’ या एका शब्दात दोन मासे लपलेत, हे तेव्हा कोणाच्या हिशोबात नव्हतं. मुळा-मुठेच्या माशाने कावेरीत जम बसवला आणि कावेरीचा मासा मागे पडला. एकट्या खुद्रीवर सगळा दोष टाकता येणार नाही. धरणं, वाळूउपसा, आटणारं पाणी आणि सुरुंग यांचाही वाटा आहेच. पण नदीत महसीर वाढतायत म्हणून सगळे खूश होते, तेव्हा नदीचा स्वतःचा महसीर संपत होता, हे मात्र खरं.

आणखी एक विचित्र गोष्ट. दीडशे वर्षं जगभरचे गळकरी ज्याच्या मागे धावले, त्या वशिंडाच्या माशाला तोवर पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. २०१८ मध्ये कुठे ते ठरलं. केरळमधल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतून आधी वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच, असं सिद्ध झालं. त्याच वर्षी त्याची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. नाव मिळालं आणि धोक्याचा शिक्काही बसला.

वही बंद झाली तेव्हा

गालिबोरेच्या नोंदी २०१२ ला का थांबतात? कारण कॅम्पच थांबले. नदीचा तो भाग १९८७ पासून अभयारण्यात होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दात प्राण्याला पकडणंही येतं. मग अभयारण्यात मासा गळाला लावून सोडून देणं हा खेळ की शिकार? कायद्याच्या अंगाने प्रश्न बरोबर होता. अभयारण्यात काठावरच्या गावकऱ्याने जाळं टाकायचं नाही आणि पैसेवाल्या पाहुण्याने गळ टाकायचा, हे १८९७ च्या यादीचंच नवं रूप नव्हे का? आणि मासा सोडला तरी त्याला इजा होते, त्रास होतो, हेही खोटं नाही.

दुसरी बाजूही ऐका. कॅम्प गेले तसे वाटाड्यांचे पगार गेले, रात्रीची गस्त गेली. पिंडर आणि राघवन यांनी २०१३ मध्येच ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं होतं, की हौशी मासेमारीने महसीरला एक प्रकारचं संरक्षण मिळत होतं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे वही गेली. वशिंडाचा महसीर संपत चाललाय हे ज्या एकाच साधनाने कळलं, ते साधन नेमकं त्याच वेळी बंद झालं.

तुम्ही म्हणाल, मग काय, सगळीकडे परवाने वाटायचे? नाही. आपल्याकडे परवान्याशिवायही मासे राखलेले आहेत. महाडजवळ वाळण कोंड आहे. तिथल्या डोहात वरदायिनी देवीचे मासे म्हणून महसीर राखले जातात. लोक चुरमुरे घालतात, कोणी धरत नाही. कागद नाही, शुल्क नाही, दंड नाही. मासे राखायला श्रद्धा पुरते. पण डोहात आज किती मासे आहेत, दहा वर्षांपूर्वी किती होते, कोणत्या जातीचे, हे श्रद्धा सांगत नाही. राखणं वेगळं आणि मोजणं वेगळं. कावेरीने शिकवलं ते हे, की मोजल्याशिवाय राखलं तर आपण चुकीचा मासा राखून मोकळे होऊ शकतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हौशी परवाना द्यायचा की नाही, हे त्या त्या पाण्यावर ठरावं, आणि ठरवताना काठावर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांना आधी विचारलं जावं. पण जिथे द्यायचा तिथे त्याच्या मागच्या बाजूला पाच रकाने हवेत. तारीख, ठिकाण, किती तास, कोणत्या जातीचे किती, वजन किती. आणि हाच कागद मच्छीमार संस्थेच्या माणसालाही द्यावा, कारण पाहुणा वर्षातून दोन दिवस येतो, तो माणूस रोज पाण्यात असतो. त्याच्या नोंदीची किंमत पाहुण्याच्या नोंदीपेक्षा जास्त आहे.

तुमच्यापैकी कोणी हिमाचलला किंवा उत्तराखंडला परवाना काढून गळ टाकायला गेलात, तर कोणी मागो न मागो, हे पाच रकाने लिहून काढा. मासा लागला तर पंखांचा रंग दिसेल असा बाजूने एक फोटो घ्या. आणि दिवसभर बसून काहीच लागलं नाही, तर त्या दिवसाची ओळ रिकामी सोडू नका. तास लिहा आणि पुढे शून्य लिहा.